तेवीस मीटर रुंदीचा प्रश्न

जर्मनीतल्या शाळांच्या मोठ्या क्रीडागृहाचं माप ठरलेलं असतं: २७ मीटर रुंद, ४५ मीटर लांब. छतातून दोन जाड पडदे खाली सोडले की एका हॉलचे तीन हॉल होतात. एकात बॅडमिंटन, दुसऱ्यात लहान मुलांचं जिम्नॅस्टिक्स, तिसऱ्यात ज्येष्ठांचा व्यायाम. शहराचं क्रीडाखातं तास वाटतं तेही या तृतीयांशांच्या हिशेबाने. अशा ठिकाणी रोलर डर्बी (स्केट घालून, धक्के देत खेळायचा खेळ) खेळणाऱ्या तीस-चाळीस बायका अर्ज घेऊन जातात आणि म्हणतात, पडदे वर घ्या, आम्हाला तिन्ही भाग एकदम हवेत.

युरोपातल्या हौशी महिला रोलर डर्बीचं पुढे काय होणार, हे या अर्जाला काय उत्तर मिळतं त्यावर अवलंबून आहे. या खेळावर लिहिताना टोपणनावं, टॅटू आणि रंगीबेरंगी मोजे यांवर भरपूर शाई खर्च झाली आहे. पण वाढ अडते ती हॉलच्या रुंदीपाशी आणि पंचांच्या संख्येपाशी. त्यातून एक सौदा पुढे येतो: रोलर खेळांच्या राष्ट्रीय महासंघाच्या छत्राखाली या, आम्ही जागा मिळवून देऊ, मात्र खेळ आमच्या नियमांनी चालेल. हा सौदा करू नये, आणि करावा लागू नये अशी व्यवस्था नगरपालिकांनी करावी, असं माझं म्हणणं आहे.

आधी खेळ. अंडाकृती ट्रॅकवर दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी उतरतात. चार ब्लॉकर, त्यांतल्या एकीच्या हेल्मेटवर पट्टा, ती पिव्हट. पाचवी जॅमर, तिच्या हेल्मेटवर चांदण्या. जॅमरने दोन्ही संघांच्या ब्लॉकरांच्या घोळक्यातून वाट काढायची. पहिल्या फेरीला गुण नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत प्रतिस्पर्धी ब्लॉकर जितक्या ओलांडल्या तितके गुण, जास्तीत जास्त चार. घोळक्यातून नियमात राहून पहिली बाहेर पडते ती लीड जॅमर. दोन्ही हात कमरेवर आपटून ती डाव तिथेच थांबवू शकते. आपण गुण घ्यायचे आणि समोरचीला मिळायच्या आत डाव मोडायचा, ही सगळी लबाडी त्यात आहे. असा एक डाव, म्हणजे जॅम, फार तर दोन मिनिटांचा. मध्ये ३० सेकंद. ३० मिनिटांचे दोन भाग. धक्का खांद्याने, कमरेने, मांडीने द्यायचा. कोपर, डोकं, पाठीवरचा धक्का आणि पायात पाय हे सगळं गुन्ह्यात. शिक्षा ३० सेकंदांची, सातव्या शिक्षेला घरी.

कबड्डी पाहिलेल्याला हे समजायला वेळ लागत नाही. दोन्ही बाजूंची चढाई एकाच वेळी चालली आहे, पकड करणाऱ्यांनी एका डोळ्याने आपली चढाई वाचवायची आहे आणि सगळ्यांच्या पायाला चाकं आहेत, असं समजावं. चाकं म्हणजे क्वाड. आपल्याकडच्या स्केटिंग स्पर्धांत क्वाड आणि इनलाइन असे गट असतात, त्यांतले पहिले, पुढे दोन मागे दोन.

खेळाचा पूर्वज १९३५ साली लिओ सेल्ट्झर यांनी शिकागोत काढला. तो उतरत्या लाकडी ट्रॅकवरचा धंदेवाईक तमाशा होता आणि १९७०च्या दशकात बसला. २००१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात बायकांनी तो उकरून काढला. थोड्याच काळात त्यांतल्या एका गटाने उतरता ट्रॅक सोडून सपाट जमिनीवर खेळायचं ठरवलं, आणि पुढची सगळी वाढ या एका निर्णयातून झाली. उतरत्या ट्रॅकला सांगाडा लागतो, गोदाम लागतं, वाहतूक लागते. सपाट ट्रॅकला दोरी आणि चिकटपट्टी लागते. २००४ मध्ये लीगांनी (डर्बीत लीग म्हणजे एका शहराचा क्लब) मिळून स्थापलेली संघटना पुढे विमेन्स फ्लॅट ट्रॅक डर्बी असोसिएशन, डब्ल्यूएफटीडीए, या नावाने ओळखली जाऊ लागली. २००६ मध्ये खेळ लंडन आणि श्टुटगार्टमध्ये पोचला. पाठोपाठ ग्लासगो, स्टॉकहोम, बर्लिन, हेलसिंकी, माल्मो. लंडनची लीग २०१० मध्ये डब्ल्यूएफटीडीएची पूर्ण सदस्य झाली आणि २०१३ मध्ये उत्तर अमेरिकेबाहेरून अंतिम स्पर्धेला पात्र ठरलेला पहिला संघ ठरली. विश्वचषकाला २०११ मध्ये टोरांटोत १३ संघ होते, २०१४ मध्ये डॅलसला ३०, २०१८ मध्ये मँचेस्टरला ३८. तोवर उत्तर अमेरिकेबाहेर न गेलेल्या डब्ल्यूएफटीडीएच्या बाद फेऱ्या २०१७ मध्ये माल्मोत आणि २०१८ मध्ये स्पेनमधल्या आ कोरुन्यात झाल्या. बाराएक वर्षांत, कुणा प्रायोजकाच्या किंवा क्रीडामंत्रालयाच्या मदतीशिवाय, हे थोडं नाही.

मात्र ज्या गुणाने खेळ पसरला तोच त्याचा अडसर झाला. ट्रॅक पिशवीत मावतो म्हणून कुठेही खेळता येतं. आणि कुठेही खेळता येतं म्हणून स्वतःची जागा कुठेच नाही.

मापं पाहा. बाहेरच्या रेषेपर्यंत ट्रॅक साधारण २६.८ मीटर लांब आणि १६.८ मीटर रुंद. बाहेरून स्केटवर धावणाऱ्या रेफरींना आणि ट्रॅकबाहेर फेकल्या जाणाऱ्या खेळाडूंना चहूबाजूंनी ३ मीटर मोकळं हवं. झाले ३३ गुणिले २३. जर्मनीचा दुहेरी हॉल ४४ गुणिले २२, म्हणजे लांबीला भरपूर आणि रुंदीला एक मीटर कमी. हँडबॉलचं मैदान ४० गुणिले २०. इंग्लंडमधला बॅडमिंटनच्या चार कोर्टांचा नव्या मापाचा हॉल ३४.५ गुणिले २०, जुना ३३ गुणिले १८. या जुन्या हॉलात ट्रॅक आखला की दोन्ही बाजूंना जेमतेम ६० सेंटिमीटर उरतात आणि त्यापुढे भिंत, भिंतीला व्यायामाच्या लाकडी शिड्या. सराव भागतो, सामना भागत नाही. म्हणून कित्येक शहरांत संघ आहे आणि घरचा सामना नाही. घरचा सामना नाही म्हणजे तिकीट नाही, आणि तिकीट नाही म्हणजे पुढच्या प्रवासाला पैसे नाहीत.

रुंदी मिळाली तरी हॉलच्या व्यवस्थापकाला जमिनीची काळजी असते. ती सरसकट खोटी नाही, पण चुकीच्या गोष्टीची असते. पॉलियुरेथेनची चाकं बास्केटबॉलच्या बुटांपेक्षा जास्त काही करत नाहीत. खरे धोके तीन. पडताना स्केटच्या आसाचं नट किंवा धातूची प्लेट घासून पडणारा ओरखडा, स्केटच्या चवड्याखालच्या गडद रबरी ब्रेकची, म्हणजे टो स्टॉपची, काळी रेघ, आणि चिकटपट्टी. पहिल्या दोहोंवर उपाय सोपे आहेत: आसाची टोकं नटाबाहेर येऊ द्यायची नाहीत, डाग न पाडणारे टो स्टॉप सक्तीचे करायचे. पट्टीचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण लीगा हॉल गमावतात त्या बहुधा इथे.

ट्रॅक आखायला आधी मधली रेषा घेऊन तिच्यावर १०.६७ मीटर अंतराने दोन केंद्रबिंदू धरतात. त्यांभोवती ३.८१ मीटर त्रिज्येचे आतले अर्धगोल. बाहेरच्या ८.०८ मीटर त्रिज्येच्या अर्धगोलांची केंद्रं मात्र तीच नसतात; ती एकेक फूट विरुद्ध बाजूंना सरकलेली असतात, म्हणून ट्रॅक एका ठिकाणी १३ फूट रुंद आणि दुसरीकडे १५ फूट. नवखे इथेच चुकतात, चारही कमानी एकाच केंद्रातून काढतात, आणि मग सगळा ट्रॅक १४ फुटी झाल्याचं पट्टी लावून झाल्यावर कळतं. रेषा नुसती रंगाची चालत नाही. खाली पातळ दोरी घालून वरून पट्टी लावतात, म्हणजे मागे न पाहता पायाला हद्द कळते. आतली रेषा सुमारे ४५ मीटर आणि बाहेरची ७२, म्हणजे दोरीच जवळपास १२० मीटर. सवयीच्या चौघी असल्या तर दीड तासाचं काम.

स्वस्त कापडी पट्टीचा गोंद उन्हाने तापलेल्या हॉलात वितळतो आणि वार्निशवर राहतो. जुन्या, थरावर थर दिलेल्या लाकडी जमिनीवर पट्टी उभी ओढून काढली तर वार्निशचा पापुद्रा तिच्यासोबत येतो. विनाइलची पट्टी वापरावी, त्याच दिवशी काढावी, जमिनीलगत मागे दुमडत सावकाश काढावी, आणि आठवडाभर आधी कोपऱ्यात हातभर तुकडा लावून पाहावा. ही चाचणी हॉलच्या करारातच लिहिलेली असली तर निम्मी भांडणं होणार नाहीत. नगरपालिकेला याहून सोपं एक काम करता येईल: दर काही वर्षांनी जमीन घासून पुन्हा वार्निश करतात, तेव्हा बास्केटबॉल-हँडबॉलच्या रेषांसोबत डर्बीचीही रेषा रंगवून टाकावी. दोरी वरून घालावी लागेलच, पण मोजणीचा तास वाचेल. हॉलमध्ये आधीच सहा रंगांच्या रेषा असतात. सातव्या रंगाने कुणी आंधळं होणार नाही.

चाकांचा कडकपणाही जमिनीनुसार बदलावा लागतो. गुळगुळीत, धूळ बसलेल्या लाकडावर ८८ ते ९२ अंकांची मऊ चाकं धरतात. चिकट, रबरी लेपाच्या जमिनीवर तीच चाकं पाय ओढून धरतात आणि ९५च्या पुढची कडक चाकं लागतात. आठवड्यातून दोन वेगवेगळ्या हॉलांत सराव करणाऱ्या खेळाडूला आठ-आठ चाकांचे दोन संच बाळगावे लागतात. जागेच्या फुटकळ वाटपाचा खर्च असा खेळाडूच्या खिशातून जातो, आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

आता माणसं मोजू. एका संघाच्या यादीत १५, म्हणजे दोन्ही मिळून ३०. स्केटवरचे रेफरी सातपर्यंत. बिनस्केटचे अधिकारी दहा-बारा: जॅमची वेळ पाहणारा, दोन गुणलेखक, शिक्षांची नोंद ठेवणारा, गुणफलक चालवणारा, शिक्षेच्या खुर्च्यांपाशी तिघे, कोण ट्रॅकवर आहे याची यादी ठेवणारे, आणि या सगळ्यांचा एक प्रमुख. शिवाय तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण असलेले निदान दोघे. दारावर, खाण्याच्या टेबलावर, पट्ट्या काढायला आणखी. तीस जणींनी तासभर खेळावं म्हणून तितकीच माणसं दिवसभर राबतात, आणि बहुतेक ठिकाणी प्रवासखर्चापलीकडे कुणालाच काही मिळत नाही. फुटबॉलचा गावपातळीवरचा सामना एका शिट्टीवर निघतो. डर्बीत एक गुणलेखक आला नाही तर सामना सुरू होत नाही. अनुभवी रेफरी तयार व्हायला दोन-तीन हंगाम जातात, आणि खेळ वाढला की संघ आधी वाढतात, रेफरी मागाहून. महासाथीत हॉल बंद झाले तेव्हा खेळाडू काही महिन्यांत परतल्या. पाट्या-पेन्सिली घेऊन बसणारे पुष्कळ जण परतलेच नाहीत. लहान लीगा मिटल्या त्या या कमतरतेने. पालिकेला खरोखर खर्चच करायचा असेल तर चषकांवर करण्यापेक्षा या लोकांच्या प्रशिक्षणावर आणि रेल्वे-तिकिटांवर करावा.

इथे एक आक्षेप ठरलेला असतो: एवढ्याशा बायकांसाठी तीन क्लबांचे तास कापायचे? हिशेब सरळ वाटतो, पण वाटपाची पद्धत पाहिली की तो तितका सरळ राहत नाही. बहुतेक शहरांत गेल्या वर्षी ज्याच्याकडे तास होता त्याच्याकडेच तो पुढच्या वर्षी राहतो. या जुन्या कब्जाच्या नियमाने १९७० साली जे क्लब होते त्यांना संध्याकाळी सहा ते नऊची वेळ मिळते, आणि तेव्हाच्या क्लबांत कोण खेळत होतं हे सांगायला नको. नंतर आलेल्यांना रात्री नऊनंतरचं किंवा रविवारी सकाळचं उरतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही, नुसता रांगेचा नियम आहे. पण रांग ज्या काळात लागली त्या काळाचा कल त्यात गोठून राहिला आहे. ऑस्ट्रियाच्या राज्यघटनेत २००९ पासून कलम आहे की संघराज्य, प्रांत आणि नगरपालिका या तिघांनीही अंदाजपत्रकात स्त्री-पुरुष समानता साधण्याचा प्रयत्न करायचा. तापवलेला, उजळलेला, झाडलेला हॉल म्हणजे अंदाजपत्रकच आहे, फक्त तासांत मोजलेलं. ते तास कुणाला गेले याचा तक्ता दर वर्षी छापला तरी पुष्कळ काही आपोआप होईल.

मग महासंघ कशाला नको? त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. फ्रान्समध्ये रोलर आणि स्केटबोर्डच्या महासंघाचा परवाना घेतला की विमा मिळतो, पालिकेच्या दारात ओळख मिळते आणि तयार राष्ट्रीय स्पर्धा मिळते. जर्मनीत डर्बी रोलर खेळांच्या महासंघात आहे आणि तिची राष्ट्रीय साखळी स्पर्धा, बुंडेसलिगा, चालते. अल्पवयीन मुलींचे गट चालवायचे तर प्रशिक्षकांची तपासणी, तक्रारीची बाहेरची जागा, हे सगळं लागतं, आणि जिथे खेळाडूच प्रशिक्षक, खजिनदार आणि तक्रार निवारण समिती असतात तिथे ते धड होत नाही. आपणच आपले मालक या अभिमानाने कित्येक लीगांनी स्वतःला दमवून मारलं आहे. मैत्रीच्या कोंडाळ्यांनी संघनिवड होते ही तक्रारही जुनी आहे आणि खरी आहे.

तरीही मालकी कशाची, हे वेगळं करून पाहावं लागतं. डब्ल्यूएफटीडीएचे नियम खेळणाऱ्या लीगांच्या मतांनी बदलतात. घोळका कुठे मोडतो, गुण कशाचे धरायचे, हे ट्रॅकवर मार खाणाऱ्या ठरवतात आणि दुरुस्त करतात. ऑलिंपिक समितीची मान्यता असलेल्या रोलर खेळांच्या जागतिक महासंघाने २०१७ मध्ये नानजिंगच्या आपल्या स्पर्धेत डर्बी घेतली. तो महासंघ आता वर्ल्ड स्केट म्हणून ओळखला जातो. खेळ आपला आहे असा दावा दोन्ही बाजूंचा आहे. यात सगळ्यात नाजूक मुद्दा म्हणजे महिला संघात कोण. डब्ल्यूएफटीडीएने २०११च्या धोरणातली संप्रेरकांच्या पातळीची अट २०१५ मध्ये काढली आणि ट्रान्स, इंटरसेक्स व लिंगविस्तारी (स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणाऱ्या) खेळाडूंना, महिला डर्बी हाच आपला खेळ वाटत असेल तर, दार उघडलं. कित्येक लीगांनी नावातलं 'रोलरगर्ल्स' काढून 'रोलर डर्बी' केलं ते याच प्रवाहात. धक्क्याचा खेळ असल्याने शरीराच्या फरकाचा प्रश्न इथे पुस्तकी नाही, आणि तो विचारणाऱ्याला गप्प करणं बरोबर नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये समानता कायद्यातल्या 'स्त्री' शब्दाचा अर्थ जैविक लिंगाशी बांधल्यापासून तिथल्या लीगांपुढे तो कायद्याच्या भाषेतही आला आहे. माझं मत असं, की कायद्याच्या चौकटीत जेवढी मुभा उरते तेवढी वापरून हा निर्णय त्यांनीच घ्यावा ज्या स्वतः त्या धक्क्यासमोर उभ्या राहतात. हॉलच्या किल्लीच्या बदल्यात हा निर्णय दुसऱ्या खेळांसाठी बसलेल्या समितीकडे जाऊ नये. महासंघ झाला की कारभार सुधारतो, ही समजूतही कबड्डीच्या माणसांनी तरी बाळगू नये. तिचा राष्ट्रीय महासंघ २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला प्रशासकाच्या हाती द्यावा लागला होता.

विमा, मुलींचं संरक्षण, प्रथमोपचार या अटी पालिकेने घालाव्यातच. त्या थेट लीगशी करार करून घालता येतात. जर्मनीत सात जण जमले की नोंदणीकृत संस्था होते, फ्रान्समध्ये १९०१च्या कायद्याखाली दोघांचीही होते. एवढी कायदेशीर बैठक असताना मधला दलाल कशाला?

पालिकेने विचारायचे प्रश्न मात्र नेमके असावेत. खेळ धोक्याचा आहे का, हा फुकाचा प्रश्न आहे, आहेच. नवीन मुलींना पडायला कसं शिकवता, हे विचारावं. चांगल्या लीगमध्ये पहिल्या दिवशी चालणं नसतं, पडणं असतं: एका गुडघ्यावर, दोन्ही गुडघ्यांवर, अंग आकसून आणि मुठी मिटून, कारण पसरलेल्या बोटांवरून मागचीचं चाक जातं. तीन सेकंदांत उठायचं. हेल्मेट सायकलचं नको, त्याचा फोम एका जोरदार आपटीनंतर निकामी होतो. अनेक धक्के सोसणारं हवं. गुडघ्याचं पॅड सैल असेल तर नेमकं पडण्याच्या क्षणी सरकतं. सगळ्यात जास्त भीती घोट्याची: चाकं जमीन धरून राहतात, अंग वळतं, वरून दुसरी पडते आणि पिंडरीचं बारीक हाड जातं. हे बहुतेकदा सत्राच्या शेवटी होतं, पाय थकलेले असताना. पूर्वी नवख्यांना पाच मिनिटांत २७ फेऱ्यांची परीक्षा असे, जवळपास दीड किलोमीटर. ती अट गेली आणि बरं झालं, वेगाच्या नादात थांबणं कच्चं राहायचं. पण तिच्या जागी प्रत्येक लीगने काय ठेवलं आहे, धक्क्याच्या सरावाला कोण केव्हा परवानगी देतं, एका प्रशिक्षकामागे किती नवख्या असतात, हे कागदावर असायला हवं. बारा आठवड्यांच्या वर्गाला तीस जणी घेतल्या आणि शिकवायला दोघीच, असं दिसलं तर तास देऊ नयेत, खुशाल नाकारावेत.

आणि ज्या लीगकडे हे कागद आहेत तिला रात्री साडेनऊची वेळ देऊ नये. पट्टी सावकाश काढायची तर अर्धा तास लागतो, आणि अकराला दिवे घालवणारा माणूस दारात उभा असला की ती कुणीही सावकाश काढत नाही.